डोनाल्ड नसलेले बदक

अमेरिकेतील ओरेगन राज्यात, युजीन या शहरात ओरेगन विद्यापीठ आहे. तिथे अमेरिकी फुटबॉलचा सामना असला, की मैदानावर माणसाएवढे एक पांढरे बदक अवतरते. पिवळी चोच, डोक्यावर खलाशाची टोपी, अंगात विद्यापीठाचे हिरवे-पिवळे रंग. संघाने गुण मिळवले, की एकूण गुणसंख्या जितकी झाली असेल तितके जोर ते काढते. हा विद्यापीठाचा शुभंकर. त्याच्याकडे पाहून कोणीही म्हणेल, हा तर डोनाल्ड डक! आज मात्र हे वर्णन चुकीचे ठरते. कधीकाळी ते बरोबर होते.

विद्यापीठाचे बदकाशी नाते डोनाल्डपेक्षा जुने आहे. ओरेगनचा पश्चिम भाग पावसाळी. तिथल्या माणसांना एकोणिसाव्या शतकात गमतीने 'वेबफूट', म्हणजे पडदेदार पायांचे, म्हणत. विद्यापीठाच्या संघांनी तेच नाव घेतले. 1920च्या दशकात 'पडल्स' नावाचे जिवंत बदक सामन्यांना नेले जाऊ लागले. पुढे प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि ती प्रथा थांबली. डोनाल्ड पडद्यावर आला 1934 साली. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या व्यंगचित्रांतले बदक हळूहळू त्याच्यासारखे दिसू लागले.

1947 साली विद्यापीठाचे क्रीडा संचालक लिओ हॅरिस वॉल्ट डिस्नी यांना भेटले. डोनाल्डचे रूप वापरण्याची परवानगी मिळाली, पण व्यवहार झाला तो केवळ हस्तांदोलनावर. कागद नाही, सही नाही. डिस्नी हयात होते तोवर त्यांचा शब्द पुरेसा होता. डिसेंबर 1966 मध्ये ते वारले, आणि लेखी करार कुठेच नाही हे ध्यानात आले. तेव्हा विद्यापीठाच्या मदतीला एक छायाचित्र आले. त्यात खुद्द डिस्नी ओरेगनचे बदक असलेले जाकीट घालून हॅरिस यांच्यासोबत दिसत होते. तोंडी शब्दाला तेवढाच पुरावा होता. कंपनीने तो मानला आणि 1973 साली रीतसर करार झाला.

लेखी परवानगीबरोबर बंधनेही आली. बदक डोनाल्ड असेल, तर ते कुठे दिसावे आणि कसे वागावे यात कंपनीचा शब्द चालणार. विद्यार्थ्यांचा जीव मात्र याच रूपावर होता. 1978 साली 'मॅलर्ड ड्रेक' नावाचे दुसरे बदक पर्याय म्हणून पुढे आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी मतदानात डोनाल्डलाच निवडले.

मग 2010 साली विद्यापीठ आणि कंपनी यांनी एक वेगळीच गोष्ट मान्य केली: मैदानावरचे पोशाखातले बदक म्हणजे डोनाल्ड नव्हे. टोपी तीच, चोच तीच, प्रेक्षकही तेच. तरीही करारानुसार ते स्वतंत्र पात्र झाले. आज त्याचे नाव नुसते 'द डक'. काही जण लाडाने 'पडल्स' म्हणतात, म्हणजे नाव फिरून त्या पहिल्या जिवंत बदकाकडे गेले.

वर्णन म्हणजे जे दिसते ते लिहिणे, अशी आपली समजूत असते. या बदकाच्या बाबतीत डोळ्यांची साक्ष अपुरी पडते. 1980च्या एखाद्या छायाचित्राखाली 'डोनाल्ड' लिहिले तर ते योग्य, आणि 2015च्या जवळपास तशाच छायाचित्राखाली तेच लिहिले तर चूक. फरक पिसांत शोधून सापडणार नाही, तो दोन पक्षांमधल्या समजुतीत आहे. ही समजूत आधी हस्तांदोलनात होती, मग एका छायाचित्रात आणि शेवटी कागदावर आली. म्हणून या शुभंकराची नोंद करणाऱ्याने रंग, चोच आणि टोपी यांच्याही आधी साल लिहावे. साल कळले की त्या बदकाला काय म्हणायचे तेही कळते.