बोटीवरच्या ऑफिसरसाठी ऑस्ट्रेलियाचे ‘स्किल असेसमेंट’: काय असते, फाइल कशी तयार करावी

रत्नागिरी, दापोली, खेड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत बोटीवर नोकरी करणे आपल्या घरांना नवीन नाही. आधीच्या पिढ्या खलाशी, सारंग म्हणून गेल्या. आता मुले डेक ऑफिसर आणि मरीन इंजिनिअर होत आहेत. दहा-बारा वर्षे दर्यावर काढल्यावर बायको-मुलांसह कुठे तरी स्थायिक व्हावे, असे त्यांना वाटते आणि बरेच जण ऑस्ट्रेलियाची चौकशी करतात. तिथे पहिला शब्द कानावर पडतो तो ‘स्किल असेसमेंट’. हा शब्द वापरून लाखोंची फी मागणारे एजंटही लगेच भेटतात. म्हणून ही माहिती आम्ही सोप्या भाषेत एकत्र देत आहोत.

असेसमेंट म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियाचा कुशल कामगाराचा व्हिसा (१८९, १९० किंवा ४९१ क्रमांकाचा) हवा असेल, तर तुमचा हुन्नर त्यांच्या मापाला उतरतो का, हे आधी ठरवले जाते. प्रत्येक पेशासाठी ते ठरवणारी संस्था वेगळी असते. बोटीवरच्या ऑफिसरसाठी ती आहे ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी अथॉरिटी, म्हणजे ‘अम्सा’. पेशांच्या यादीत शिप्स इंजिनिअर (२३१२१२), शिप्स मास्टर (२३१२१३) आणि शिप्स ऑफिसर (२३१२१४) असे कोड आहेत. खलाशी, ऑइलर, कुक यांना हे कोड लागू होत नाहीत. त्यांना कोणी ‘ऑफिसरच्या कोडमध्ये बसवून देतो’ म्हणाले, तर तिथेच थांबावे.

ही तपासणी मुख्यतः कागदांची असते. हे कागद अर्जाच्या महिन्यात तयार होत नाहीत, ते अनेक वर्षे आधी, प्रत्येक काँट्रॅक्टच्या वेळी तयार होतात. मुलगा बोटीवर असताना फाइल घरात असते. त्यामुळे हे काम त्याच्याइतकेच घरच्यांचेही आहे.

फाइलचा कणा: सीओसी

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी, आपण ज्याला ‘सीओसी’ म्हणतो. ते एसटीसीडब्ल्यू या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेले असावे लागते. २०१० मध्ये मनिला इथे या करारात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. आपल्याकडे हे प्रमाणपत्र डीजी शिपिंगच्या यंत्रणेतून मिळते. ते हातात घेऊन तीन गोष्टी पाहा.

पहिली, त्यावर कोणता नियम लिहिला आहे. सेकंड मेटसाठी २/१, चीफ मेट आणि मास्टरसाठी २/२, वॉच सांभाळणाऱ्या इंजिनिअरसाठी ३/१, मोठ्या इंजिनवरच्या सेकंड आणि चीफ इंजिनिअरसाठी ३/२. प्रमाणपत्रावर हे आकडे रोमन पद्धतीने छापलेले असतात.

दुसरी, ते फॉरेन गोइंग आहे की निअर कोस्टल. किनाऱ्यालगतच्या फेऱ्यांपुरते दिलेले प्रमाणपत्र आणि जगभर चालणारे प्रमाणपत्र यांची किंमत एक नाही.

तिसरी, मुदत. पाच वर्षांनी सीओसी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी साधारणपणे मागच्या पाच वर्षांत बारा महिने सी सर्व्हिस लागते. पोरगा दोन-तीन वर्षे घरी राहिला तर हा हिशोब बिघडू शकतो.

सी सर्व्हिसचा पुरावा

सीडीसीमध्ये साइन ऑन आणि साइन ऑफचे शिक्के असतातच. पण प्रत्येक काँट्रॅक्ट संपताना कंपनीकडून सी सर्व्हिसचे पत्रही घ्यावे. त्यात जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक, जहाजाचा प्रकार, ग्रॉस टनेज, इंजिनची किलोवॅट ताकद, हुद्दा आणि दोन्ही तारखा हव्यात. कंपन्या बंद होतात, जहाजांची नावे बदलतात, आणि मग आठ वर्षांपूर्वीचे पत्र मिळवणे फार कठीण जाते. पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे स्टेटमेंटही जपावे.

व्हिसाच्या गुणांसाठी अनुभव मोजताना आठवड्याला किमान २० तासांचे, मोबदल्याचे काम धरले जाते. त्यामुळे दोन काँट्रॅक्टमध्ये घरी काढलेले महिने आपोआप अनुभवात मोजू नयेत. तारखा खऱ्या लिहाव्यात.

नावाचा घोळ

शाळेत असल्यामुळे हा विषय आमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. उर्दू शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘मोहंमद’, आधारवर ‘मो.’ आणि पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा! कुठे वालिदांचे नाव मध्ये, कुठे शेवटी. आपल्याला कळते की माणूस एकच आहे. परदेशातल्या कारकुनाला ते कळत नाही.

म्हणून पासपोर्ट, सीडीसी, सीओसी, दहावीचे प्रमाणपत्र आणि पदवी हे पाच कागद शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. शाळेच्या नोंदीत चूक असेल तर मुलगा शाळेत असतानाच अर्ज द्या, दाखला निघाल्यावर ते काम लांबते. मोठेपणी नाव बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी घेऊन तो पुरावा फाइलला लावावा. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर लागेल. सोबत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे विवाहाची नोंदणीही करून घ्यावी.

गुणांचा हिशोब

असेसमेंट मिळाले म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. त्यानंतर ऑनलाइन इच्छा नोंदवायची, निमंत्रण आले तर ६० दिवसांत व्हिसाचा अर्ज करायचा. निमंत्रणाच्या वेळी वय ४५ पेक्षा कमी हवे आणि किमान ६५ गुण हवेत.

समजा, वय ३४: २५ गुण. आयईएलटीएसमध्ये चारही विभागांत ७: १० गुण. परदेशातला पाच वर्षांचा मान्य अनुभव: १० गुण. पदवी मान्य झाली तर १५. हे झाले ६०. बायकोने आयईएलटीएसमध्ये चारही विभागांत ६ मिळवले तर आणखी ५, म्हणजे ६५. घरातल्या शिकलेल्या सुनेच्या इंग्रजीची किंमत इथे कळते. पण ६५ हा फक्त उंबरठा आहे, निमंत्रण जास्त गुणांवरही अडू शकते. चाळिशी ओलांडली की वयाचे गुण १५ वर येतात, म्हणून ‘चीफ झाल्यावर बघू’ हा विचार महाग पडतो. पेशांच्या याद्या आणि नियम बदलत असतात. अर्जाआधी ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाचे आणि अम्साचे संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे.

असेसमेंट म्हणजे बोटीवर चढण्याचा परवाना नाही

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. असेसमेंट व्हिसासाठी असते. ऑस्ट्रेलियन झेंड्याच्या जहाजावर ऑफिसर म्हणून काम करायचे तर आपल्या सीओसीला अम्साची वेगळी मान्यता घ्यावी लागते. बंदराच्या सुरक्षित भागात एकट्याने वावरायला सागरी सुरक्षा ओळखपत्रही लागते. तिथे पोहोचून लगेच हुद्द्याची नोकरी मिळेल, असे धरून इथले घर किंवा जमीन विकू नये.

एजंटपासून सांभाळा

ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला सात अंकी क्रमांक असतो, तो त्यांच्या सरकारी नोंदवहीत तपासता येतो. आपल्याकडे जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना हवा. जहाजावरच्या नोकरीसाठी खलाशाकडून किंवा ऑफिसरकडून भरतीची फी घेणे २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनला मान्य नाही.

‘दोन वर्षांची सी सर्व्हिस वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. खोटा कागद सापडला तर व्हिसा नाकारला जातोच, शिवाय साधारण तीन वर्षे बंदी येऊ शकते. ओळखीबाबत खोटेपणा असेल तर दहा वर्षे. बंदीची झळ अर्जातल्या बायको-मुलांनाही बसू शकते.

आज करण्यासारखे काम छोटे आहे. एक फाइल घ्या, सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावा, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, आणि सीओसी, पासपोर्ट, मेडिकल यांच्या मुदती कॅलेंडरवर लिहा. मुलगा साइन ऑफ करून घरी आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून नवे पत्र मागून फाइलला लावा.