सह्याद्रीतली सॅक स्कॉटलंडमध्ये का चालत नाही? थंड पावसातल्या ट्रेकला काय न्यावं?

भर पावसात ट्रेक करणं मराठी माणसाला नवीन नाही. जून लागला की सॅकमध्ये एक जादा टी-शर्ट, पोंचो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल टाकून आपण निघतो. चिंब भिजणं हा तर कार्यक्रमाचाच भाग असतो. पण हीच सॅक घेऊन कोणी स्कॉटलंडच्या डोंगरात गेलं, तर गोष्ट जिवावर बेतू शकते. कारण तिथला पाऊस थंड असतो.

युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेलेले बरेच मराठी तरुण आता तिथले ट्रेक करू लागले आहेत. त्यात 'वेस्ट हायलँड वे' हा ग्लासगोच्या वेशीवरून फोर्ट विल्यमपर्यंत जाणारा १५४ किलोमीटरचा रस्ता खूप प्रसिद्ध आहे. १९८० साली तो अधिकृतपणे सुरू झाला. तो जिथे संपतो, तिथेच बेन नेविस हे ब्रिटनमधलं सर्वात उंच शिखर आहे. हा भाग डोळ्यांसमोर ठेवून सॅक कशी भरायची ते पाहू.

कळसूबाईपेक्षा बुटका, तरी अवघड

बेन नेविसची उंची १३४५ मीटर, तर आपल्या कळसूबाईची १६४६ मीटर. म्हणजे तो ३०१ मीटरने कमीच भरतो. पण १८८३ ते १९०४ या काळात त्याच्या माथ्यावर हवामान वेधशाळा होती. तिच्या नोंदींनुसार तिथलं वर्षाचं सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास आहे आणि पाऊस वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे जातो. महाबळेश्वरला याहून जास्त पाऊस पडतो, पण तो मुख्यतः चार महिन्यांत आणि बऱ्यापैकी उबदार हवेत. तिकडे तो बाराही महिने पडतो, सोबत बोचरा वारा असतो आणि माथ्यावर उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतो.

ओलं अंग धोकादायक का?

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. कपडे ओले झाले आणि वर वारा लागला, की शरीर जितकी ऊब तयार करतं त्यापेक्षा जास्त गमावतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. यासाठी बर्फच हवा असं नाही. ५ ते १० अंश तापमान, पाऊस आणि वारा एवढं पुरतं.

म्हणून इथे सॅक भरण्याचा नियम एकच: प्रत्येक वस्तू अंग कोरडं ठेवायला किंवा पुन्हा कोरडं करायला उपयोगी पडली पाहिजे.

कपडे: तीन थर

पहिला थर अंगालगतचा. तो मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा असावा. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि लवकर वाळत नाही. इथे आपल्याकडे एक चूक हमखास होते. महागडं जॅकेट घेतलं जातं, पण आत सुती बनियन तसंच राहतं. घामाने ते ओलं होतं आणि वरच्या जॅकेटचा फायदा निम्मा होतो. जीन्स तर घरीच ठेवा.

दुसरा थर ऊब धरून ठेवणारा. फ्लीस उत्तम, कारण ओलं झालं तरी ते थोडीफार ऊब देतं आणि पटकन वाळतं. पिसांचं जॅकेट हलकं आणि गरम असतं, पण भिजलं की त्याची ऊब जाते.

तिसरा थर पाऊस आणि वारा अडवणारा. टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, दोन्ही हवेत. जॅकेटच्या शिवणी आतून टेप लावून बंद केलेल्या आहेत का ते बघा. पाणी अडवण्याची क्षमता लेबलवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. दिवसभराच्या पावसासाठी किमान १०,००० आणि शक्य असल्यास २०,००० चं घ्या. छत्री आणि पोंचो वाऱ्यात टिकत नाहीत.

गंमत म्हणजे आधुनिक रेनकोटचा जन्म याच भागातला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर बसवून तयार केलेल्या जलरोधक कापडाचं पेटंट १८२३ साली घेतलं.

यासोबत कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड आणि लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड. बूट घोट्याच्या वर येणारे, चांगली पकड असलेले हवेत आणि निघण्याआधी महिनाभर वापरून पायात बसलेले हवेत.

कोरडा संच: याला हात लावायचा नाही

एक पूर्ण कोरडा संच वेगळा ठेवा: अंगालगतचे कपडे, मोजे आणि टोपी. हा फक्त मुक्कामी पोहोचल्यावर घालायचा. सकाळी पुन्हा कालचे ओलसर कपडे चढवायचे. जिवावर येतं, पण कोरडा संच दिवसा भिजला तर रात्री काहीच उरत नाही.

सॅकच्या बाहेरच्या रेन कव्हरवर भिस्त ठेवू नका. वाऱ्याने ते उडून जातं आणि पाठीकडून पाणी शिरतंच. सॅकच्या आत मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि स्लीपिंग बॅग व कपडे त्यात ठेवा.

जवळच ठेवायच्या वस्तू

वेस्ट हायलँड वेवर तुमचं मोठं सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोहोचवणाऱ्या सेवा आहेत. त्या जरूर घ्या, पण पुढच्या गोष्टी कधीही त्या सामानात टाकू नका:

- पावसाळी जॅकेट-पँट आणि एक जादा उबदार थर
- कागदी नकाशा, जलरोधक पिशवीत, आणि होकायंत्र
- हेडटॉर्च (डिसेंबरात उजेड जेमतेम सात तास असतो)
- शिट्टी
- अंगावर ओढून बसता येईल अशी जाड आपत्कालीन पिशवी
- पॉवर बँक (थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते)
- चिक्की, खजूर, सुकामेवा आणि थर्मासमध्ये गरम चहा
- प्रथमोपचार आणि फोडांसाठीच्या पट्ट्या
- मे ते सप्टेंबरमध्ये डोक्यावरची जाळी (मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांसाठी)

विमानात काय चालत नाही?

स्टोव्हचा गॅस सिलिंडर विमानात नेता येत नाही, तो तिथेच विकत घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यावर ब्रिटनमध्ये बंधनं आहेत, त्यामुळे खाऊ भरताना नियम पाहून घ्या.

सोबत्याची बोबडी वळली तर?

आधी हुडहुडी भरते. मग बोलणं अडखळतं, पाय अडखळतात, साधी चेनही लावता येत नाही, माणूस चिडचिड करतो किंवा गप्प होतो. हुडहुडी थांबली आणि माणूस गुंगीत दिसू लागला, तर ती सुधारणा नव्हे, प्रकृती बिघडल्याची खूण आहे.

अशा वेळी त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, पिशवीत बसवा. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. दारू देऊ नका, हातपाय चोळू नका. ९९९ किंवा ११२ वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा.

सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. जड वाटली तर जादा टी-शर्ट, जाडजूड पुस्तक, दुसरे बूट काढा. कोरडा संच मात्र काढू नका. निघायच्या दिवशी सकाळी डोंगराचा हवामान अंदाज बघा. तो वाईट असेल तर मुक्कामीच थांबा. शिखर उद्याही तिथेच असतं.