घोड्यांची खिचडी, पोरांची खिचडी

आजचा विषय कळल्यावर एकांनी मला विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानात खिचडी कशाला?" प्रश्न रास्त आहे. दमून घरी आलो की आपण कुकर लावतो, मुगाची आसट खिचडी करतो, वर तूप घेतो. तिला कसला आलाय इतिहास?

पण आपल्याच पुणे जिल्ह्यातली एक साक्ष बघा. १४७० च्या आसपास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. बहामनी अंमलाचा काळ. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. पावसाळ्यात तो जुन्नरलाच राहिला. इथे घोड्यांना हरभरा चारतात आणि साखर व 'मास्लो' घालून खिचडी शिजवून देतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. रशियनमध्ये मास्लो म्हणजे लोणी-तूपही आणि तेलही.

ऐकून हसू येतं ना? आपलं जेवण आणि घोड्याचा खुराक! पण जरा थांबा. तेव्हा चांगला घोडा समुद्रापलीकडून यायचा, फार महाग पडायचा. अशा जनावराला कुणी टाकाऊ खाणं घालेल का? खिचडी पोटाला झेपते आणि अंगी लागते, हा अनुभव त्यामागे असणार. आज आहारशास्त्र त्याचं कारण सांगतं. तांदळात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर मिळतं. डाळीत मिथिओनिन कमी, ती उणीव तांदूळ भरून काढतो.

निकितीनच्या आधी, चौदाव्या शतकात, मोरोक्कोच्या इब्न बतूतानेही नोंद केली होती की इथले लोक मूग-तांदूळ एकत्र शिजवून सकाळी तुपाबरोबर खातात. म्हणजे तांदूळ, डाळ, तूप ही जोडी निदान पावणेसातशे वर्षं जुनी. जुन्नरच्या त्या भांड्यात मिरची, बटाटा, टोमॅटो मात्र नव्हते. ते अमेरिका खंडातून नंतर आले. गंमत म्हणजे आपली उपवासाची खिचडी! साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, मिरची, सगळं तिकडचंच. आपलं काय, तर तूप आणि जिरं. आणि घरोघरी खिचडीला वापरतो तो इंद्रायणी तांदूळही तसा नवाच. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ साली.

आता मुद्द्यावर येतो. १९९५ साली देशभर शालेय पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक ठिकाणी मुलांना कोरडं धान्यच मिळायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शिजवलेलं अन्न द्या. आणि आपल्याकडे शाळाशाळांत खिचडी शिजू लागली. त्याबरोबर एक टोमणाही आला: "तिथे शिकवत नाहीत, खिचडी शिजवतात." मीही तो हसत हसत मारलाय. मग एका शाळेत दुपारी गेलो. एक मुलगी अर्धी खिचडी डब्यात भरत होती. "धाकट्या भावाला," म्हणाली. त्यानंतर तो टोमणा माझ्या तोंडून निघाला नाही.

आजारपणात, प्रवासातून परतल्यावर, दुःखाच्या घरी शेजारीण आणून देते तेव्हा खिचडी मायेची. तीच दुसऱ्याच्या पोराच्या ताटात पडली की हलकी? घोड्यांच्या खिचडीला हसलो तेव्हा आपण हेच केलं.

माझी आई दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घ्यायची. पाणी किती, विचारलं की म्हणायची, "दिसतं ते." ते मी कधी लिहून घेतलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. परक्या प्रवाशांनी आपलं खाणं टिपलं. आपल्या घरचं आपण तरी टिपू या. आज घरी गेलात की विचारा, पाणी किती घालता? आणि लिहून ठेवा.