शहापूर-मुरबाड : एका कड्याचा इतिहास

१/ पावसाळा लागला की मुंबई-ठाण्याची तरुणाई धबधब्यांच्या ओढीने शहापूर आणि मुरबाडकडे वळते. कोकणातून एकाएकी उभा राहणारा सह्याद्रीचा कडा हे त्या धबधब्यांचे कारण. या दोन तालुक्यांचा इतिहासही त्याच कड्याने घडवला आहे.

२/ मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून नाणेघाटाची वाट जुन्नरकडे चढते. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल याच खिंडीतून घाटमाथ्यावर जात असे. कडा ओलांडण्याच्या वाटा मोजक्याच. म्हणून खिंड ज्याच्या ताब्यात, जकात त्याची. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठीच होता, असे परंपरा सांगते.

३/ खिंडीच्या तोंडाशी सातवाहनांचे लेणे आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील तेथील ब्राह्मी लेख नागनिका राणीचा मानला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांची संख्येसह नोंद आहे. भारतातील अंकचिन्हांच्या अतिप्राचीन नमुन्यांत या लेखाची गणना होते. राजकुलाच्या मूर्ती नष्ट झाल्या, वर कोरलेली नावे उरली. उलटा धबधबा पाहायला आलेल्याने या भिंतींपुढेही थांबावे.

४/ शहापुरात आसनगावजवळ माहुलीचे सुळके दिसतात. १६३६ मध्ये बालवयीन मुर्तजा निजामशहाला घेऊन शहाजीराजे याच गडावर वेढ्यात अडकले. मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे अखेर तह करावा लागला आणि निजामशाही संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांना गेला; १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत जिंकला.

५/ मुरबाडचा सिद्धगड सत्तेचा नव्हे, बंडखोरांचा आसरा ठरला. ‘चले जाव’ आंदोलनात विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याने येथील रानात आश्रय घेतला होता. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील येथेच हुतात्मा झाले.

६/ हाच कडा ढग अडवतो. ते पाणी तानसा, भातसा या शहापूरच्या धरणांतून मुंबईला जाते. तानसा तर १८९२ पासून. आणि उन्हाळ्यात याच शहापुरातील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. नाणेघाटाच्या जकातीपासूनचा प्रश्न आजही तोच आहे : कड्यावरून जे जाते, त्यातले कड्याखालच्यांच्या वाट्याला काय येते?