चेंडू, खुर्ची आणि पगार : मुंबईच्या फुटबॉलपटूची नोकरी

१/ भुईगावच्या मुलाला मुंबईच्या मोठ्या मैदानावर फुटबॉल खेळायचा असेल, तर आधी वसई रोड स्थानक गाठावे लागते. तिथून चर्चगेट सुमारे ५२ किलोमीटर आणि पुढे थोडे चालले की कूपरेज. या प्रवासाआधी घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो : खेळून पोट भरेल का? विसाव्या शतकातल्या मुंबईकडे याचे एक ठरलेले उत्तर होते. ते उत्तर कसे घडले आणि कसे हरवले, याचा हा इतिहास.

२/ १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. स्पर्धेत एकूण चार गोल करून ते सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत बसले. गोव्यातील आसगावात जन्मलेला हा खेळाडू मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत असे.

३/ ऑलिंपिकमध्ये त्या काळी हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता. खेळण्याबद्दल उघडपणे पैसे घेणारा बाद. मग पैसे द्यायचे कसे? पूर्व युरोपातील देशांनी आपले खेळाडू सैन्याच्या आणि सरकारी खात्यांच्या हजेरीपटावर दाखवले. भारतात हेच काम रेल्वे, बँका, बंदर, गिरण्या आणि खासगी कंपन्यांनी केले. खेळाडू कागदावर कारकून आणि संध्याकाळी मैदानावर सेंटर फॉरवर्ड. ‘हौशी’ या शब्दाइतका सोयीचा शब्द क्रीडा-इतिहासात क्वचितच सापडेल.

४/ या नोकरीत श्रीमंती नव्हती. ऑलिंपिक गाजवणाऱ्याचा पगारही शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्याच श्रेणीत. पण त्या पगाराला खाली एक जमीन होती. महिन्याची ठरलेली तारीख, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा, काही ठिकाणी निवृत्तिवेतनही. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर खेळाडू सहा-नऊ महिने मैदानाबाहेर जातो. कधी परततच नाही. मुंबईच्या पावसाळी चिखलात ही दुखापत दुर्मीळ नव्हती. अशा वेळी मैदान सुटे, खुर्ची सुटत नसे. कंपनी-संघाची खरी मिळकत ही होती, पगाराचा आकडा नव्हे.

५/ त्याच काळात इंग्लंडमध्ये खेळाडू उघडपणे व्यावसायिक होते, पण त्यांच्या पगाराला कमाल मर्यादा होती : आठवड्याला २० पौंड. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने संपाची धमकी दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा उठली. लवकरच फुलहॅमचे जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेऊ लागले. छप्पर उडाले, जमीन मात्र कुणी घातली नाही.

६/ काही इजा तर निवृत्तीनंतर उघड होतात. वेस्ट ब्रॉमविचचे जेफ ॲस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी वारले. पाण्याने जड झालेले चामडी चेंडू वर्षानुवर्षे डोक्याने मारल्याने मेंदूला झालेली इजा त्यास कारणीभूत ठरली आणि मृत्यू-चौकशीत तो व्यवसायजन्य आजार मानला गेला. खाणीत किंवा गिरणीत छाती खराब व्हावी, तसाच.

७/ भारतात १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि करारांचे युग आले. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. गोव्याच्या डेम्पोसाठी दोन गोल करणारा ब्राझीलचा ख्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानच्या गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर कोसळला आणि दगावला. मैदानावरील अपुऱ्या वैद्यकीय व्यवस्थेवर देशभर टीका झाली.

८/ मुंबईत महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची लीग जिंकली. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने तो संघ बंद केला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी लीगबाहेर गेले, कारण आशियाई महासंघाच्या परवाना-निकषांत कंपनीच्या खात्याचा संघ बसेना. क्लब ही स्वतंत्र संस्था हवी होती. नियम व्यावसायिकतेच्या दृष्टीने योग्यच होता. फक्त खुर्चीच्या जागी काय ठेवायचे, हे त्यात लिहिलेले नव्हते.

९/ दुसऱ्या टोकाला १० जुलै २०१५ चा मुंबईतील लिलाव. मुंबई सिटीने सुनील छेत्री यांना १ कोटी २० लाख रुपयांना घेतले, तर पुण्याने युजीनसन लिंगडोह यांना १ कोटी ५ लाखांना. नेव्हिल यांच्या पिढीला हे आकडे परीकथेसारखे वाटले असते. ते १९८० मध्येच, वयाच्या ४७ व्या वर्षी गेले होते.

१०/ या दोन्ही युगांच्या सांध्यावर खालिद जमील उभे आहेत. ते एअर इंडियाकडून खेळले आणि महिंद्राकडूनही. दुखापतींनी मध्यरक्षकाची कारकीर्द पोखरली आणि २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. २०१७ मध्ये त्यांच्या हाताखाली मिझोरमच्या ऐझॉलने आय-लीग जिंकली. पण खेळ सुटल्यावर प्रशिक्षकाची जागा किती जणांना मिळते? एका संघात बावीस-पंचवीस खेळाडू असतात, मुख्य प्रशिक्षक एक.

११/ जुलै २०२५ मध्ये व्यापारी हक्कांचा करार पुढे सरकेना, म्हणून इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित झाला. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात बेंगळुरू एफसीने मुख्य संघाचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. छेत्री तेव्हा त्याच संघात होते. त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, खालिद जमील यांची भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली होती.