गणकयंत्रांचे शीतन : घरगुती द्रवशीतकाची पूर्वपीठिका

गणकयंत्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा गणनेच्या वेगाकडे आणि स्मृतीच्या विस्ताराकडे जाते. गणनेच्या पोटी उत्पन्न होणाऱ्या उष्णतेची विल्हेवाट कशी लावली गेली, हा प्रश्न मात्र दुय्यम मानला जातो. वस्तुतः यंत्राचा आकार, त्याची किंमत आणि त्याची गती या तिन्हींवर या प्रश्नाचा प्रभाव पडलेला आहे. प्रस्तुत निबंधात एका लहानशा वस्तूच्या निमित्ताने या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी काही हौशी मंडळींनी खिडकीत बसविण्याच्या वातानुकूलन यंत्राचे अवयव वापरून घरच्या घरी द्रवशीतक यंत्रे तयार केली व त्यांच्या साहाय्याने आपली गणकयंत्रे थंड राखली. हा निव्वळ छांदिष्टपणा समजून सोडून देण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाही. मोठ्या कारखान्यांनी तीस वर्षांत जी वाटचाल केली, तीच या मंडळींनी थोड्या वर्षांत आणि तुटपुंज्या साधनांनी पुन्हा केली आणि त्याच अडचणींशी येऊन ती थबकली, असे आमचे प्रतिपादन आहे.

१.

फिलाडेल्फिया येथे १९४६ साली प्रकट झालेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. गणनायंत्रात शिरणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून एनिॲकच्या दालनात पंख्यांनी सतत हवा खेळवावी लागे. पुढे ट्रान्झिस्टर आले. प्रत्येक घटकाची उष्णता घटली, परंतु घटक एकमेकांच्या इतके निकट आले की ठराविक जागेतील उष्णता वाढली. हवा ही उष्णतेची दुबळी वाहक असल्यामुळे अभियंत्यांना द्रवाकडे वळणे भाग पडले.

सीमोर क्रे यांनी कंट्रोल डेटा कंपनीसाठी रचलेले सीडीसी ६६०० हे यंत्र १९६४ साली पुढे आले. त्यात सुमारे ४,००,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच्या कपाटातच फ्रिऑन वायूवर चालणारी प्रशीतन योजना बसविलेली होती. घरातील शीतकपाटाचेच तत्त्व येथे गणकयंत्राच्या सेवेस लावले गेले. या योजनेमागे डीन रूश या प्रशीतन अभियंत्याचे कौशल्य होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अत्यंत वेगवान गणकयंत्र उभे करण्यास गणितज्ञ आणि विद्युत अभियंता यांच्या जोडीला थंडीचा कारागीरही लागला.

लॉस अलामॉस येथे १९७६ साली बसविलेल्या क्रे-१ या यंत्राने सुमारे ११५ किलोवॉट वीज घेतली. त्याच्या मंडलपट्ट्यांतील उष्णता तांब्याच्या पत्र्यांमार्फत ॲल्युमिनियमच्या उभ्या दांड्यांकडे जाई, आणि त्या दांड्यांत बसविलेल्या पोलादी नळ्यांतून फ्रिऑन वाहत असे. या नळ्यांचे सांधे प्रथम नीट बसेनात. कॉम्प्रेसरच्या वंगणासाठी फ्रिऑनमध्ये मिसळलेले तेल झिरपून पट्ट्यांवर पसरे व त्यामुळे मंडले निकामी होत. सांधे जोडण्याची निराळी पद्धत शोधून काढावी लागली आणि यंत्राला महिनोन्महिने विलंब झाला. ज्या यंत्राकडे गणनेच्या वेगाचा मानदंड म्हणून पाहिले गेले, ते अशा प्रकारे काही काळ एका गळतीपाशी अडून राहिले होते.

आयबीएमने याच सुमारास निराळी वाट धरली. त्यांच्या १९८० साली जाहीर झालेल्या ३०८१ या यंत्रात प्रत्येक चकतीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या असे, भोवती हेलियम वायू भरलेला असे आणि वरच्या पाटातून पाणी फिरे. हे पाणी हेतुतः फार थंड ठेवीत नसत. खोलीतील हवेच्या दवबिंदूखाली ते गेले असते, तर नळ्यांवर दव जमून विजेच्या मंडलांचा घात झाला असता. ईटीए सिस्टिम्सच्या १९८७ मधील ईटीए-१० या यंत्राने तर द्रवरूप नायट्रोजनचा आश्रय केला. त्याच्या प्रक्रियकांची गती त्यामुळे वाढली, परंतु १९८९ साली ती कंपनीच बंद पडली.

२.

यानंतर कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चकत्यांचा काळ आला आणि १९९० नंतरच्या दशकात मोठी यंत्रेही पुष्कळ अंशी पुन्हा हवेवर चालू लागली. नेमक्या याच वेळी प्रशीतनाची हौस घरांतून प्रकट झाली. १९९८ साली बाजारात आलेली इंटेलची ३०० मेगाहर्ट्झची सेलेरॉन चकती पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्झवरही सुरळीत चाले, असा अनुभव आला. निर्मात्याने नेमून दिलेल्या गतीहून अधिक गतीने चकती चालविणे म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग. गती वाढवावयाची तर बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो. चकतीची उष्णता गतीच्या प्रमाणात, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उलटपक्षी चकती थंड राहिली, तर तिच्यातील निरर्थक प्रवाहगळती घटते आणि ती अधिक वेग सहन करते. एकीकडे वाढती उष्णता व दुसरीकडे थंडीपासून मिळणारा लाभ, या दुहेरी कारणाने हौशी मंडळी कॉम्प्रेसरकडे वळली. क्रायोटेक या कंपनीने याच काळात प्रशीतनयुक्त गणकयंत्रे विक्रीस काढली होती, परंतु ज्यांना ती परवडणारी नव्हती किंवा ज्यांना स्वतःच्या हातांनी करून पाहावयाचे होते, त्यांनी जुनी वातानुकूलन यंत्रे उघडली.

पहिला विचार बहुधा घरातील शीतकपाटाचा सुचे. त्यात पाण्याची नळी सोडून दिली की काम झाले, असे वाटे. हा भ्रम लवकरच फिटत असे. शीतकपाट हे थंड झालेली वस्तू थंड राखण्यासाठी असते. त्याची अखंड उष्णता खेचण्याची शक्ती सुमारे १०० वॉट किंवा त्याहूनही कमी असते, तर २००४ सालच्या पेंटियम ४ चकत्यांची उष्णता त्यापुढे गेली होती. खिडकीतील लहान यंत्राची शक्ती मात्र ताशी ५,००० ब्रिटिश उष्मा-एकके, म्हणजे सुमारे १,४६० वॉट असे. प्रशीतनाची शक्ती आपण आजही टनांत मोजतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल, तितके हे माप आहे व ते सुमारे ३.५ किलोवॉट भरते. त्या हिशेबाने हे लहान यंत्रही अर्ध्या टनाच्या आसपासचे होते.

रचना साधारणतः अशी असे. यंत्राचे कवच काढून त्याचे बाष्पक वेटोळे, वायूची नळी न कापता, अलगद वाकवीत आणि उष्णतारोधक पेटीतील द्रवात बुडवीत. नळी कापली, तर वायू निसटे व पुन्हा भरण्यास जाणकाराची गरज पडे. शिवाय त्या यंत्रांतील आर-२२ सारखा वायू ओझोन थराला अपायकारक असल्याने तो हवेत सोडणे गैर होते. पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळीत. लहान पंप हा द्रव चकतीवर बसविलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरवी. पेटीतील द्रवाचा साठा येथे फार उपयोगी पडे. दहा लिटर पाण्यात २०० वॉट उष्णता ओतली, तरी त्याचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे साडेतीन मिनिटे लागतात. त्यामुळे कॉम्प्रेसर मधूनमधून थांबला, तरी चकतीला त्याचा धक्का बसत नसे.

३.

अडचणी मात्र जुन्याच होत्या. पहिली गळतीची, जी क्रे-१ नेही भोगली होती. दुसरी दवाची. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. मुंबईच्या पावसाळ्यात हवा अशीच असते. तेथे २० अंशांचे पाणीही नळीला घाम आणील. पुण्यातील कोरड्या दिवशी, २५ अंश तापमान व ३० टक्के आर्द्रता असता, हाच दवबिंदू सहा अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे एकच शीतक एका गावी निर्धोक आणि दुसऱ्या गावी घातक ठरू शकतो. म्हणून हौशी मंडळी नळ्या, ठोकळा व चकतीभोवतीची जागा बंद छिद्रांच्या फोमने लपेटीत. आयबीएमने पाणी कोमट राखून जे साधले, ते यांनी आवरण घालून साधण्याचा यत्न केला.

तिसरी अडचण हिशेबाची. चकतीची २०० वॉट उष्णता हलविण्यास कॉम्प्रेसर स्वतः सुमारे ५०० वॉट घेत असेल आणि त्याचे तप्त वेटोळे त्याच खोलीत असेल, तर खोलीत ७०० वॉट उष्णता साचणार. शीतक उष्णता नाहीशी करीत नाही, तिची जागा केवळ बदलतो. हे सत्य पाठ्यपुस्तकात वाचणे निराळे आणि स्वतःच्या तापलेल्या खोलीत बसून अनुभवणे निराळे.

४.

या प्रयत्नांचे मोल केवळ वाढलेल्या गतीवर ठरविले, तर ते अल्पच भरेल. मोठ्या कष्टाने मिळविलेली आघाडी पुढील पिढीची साधी चकती सहज पुसून टाकी. परंतु नेमके हेच ईटीए-१० च्याही वाट्याला आले होते. थंडीच्या बळावर मिळविलेला वेग हा उसना असतो, हा निष्कर्ष दोन्हीकडून निघतो.

पुढील इतिहासाने तर मूळ गृहीतकच उलटविले. जर्मनीतील लाइब्निट्स गणनाकेंद्रात २०१२ साली उभारलेल्या सुपरएमयूसी या महासंगणकाला ४० अंशांच्या आसपासचे ऊन पाणी पुरविले गेले. चकती त्याहूनही अधिक उष्ण असल्याने तेवढे पाणी पुरे पडते, दवाचे भय राहत नाही आणि कॉम्प्रेसरची गरजही पुष्कळशी संपते. द्रव टिकला, थंडी गेली. अर्धशतकाच्या खटाटोपानंतर कळले ते हे की प्रश्न थंडी निर्माण करण्याचा नव्हता, उष्णतेला वाट करून देण्याचा होता.

मोठ्या यंत्रांच्या कथा कंपन्यांच्या दप्तरांत व संग्रहालयांत सुरक्षित आहेत. घरगुती शीतकाचे तसे नाही. काम संपले की त्याचे वेटोळे भंगारात जाते व पेटी अडगळीत पडते. ज्यांनी ही यंत्रे घडविली, त्यांची टिपणे व आठवणी आज हयातीत आहेत, तोवरच त्या मिळविणे शक्य आहे. तंत्राच्या इतिहासकाराने हे काम आपले मानले पाहिजे. क्रे-१ चा सांधा कसा बसला हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याला घरच्या मेजावर गळणाऱ्या नळीशी झुंजणाऱ्या माणसाची साक्षही उपयोगी पडेल.