बाल्टिकच्या वाटेवर ठाण्याची आठवण

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये १ ऑगस्ट १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक छोटेखानी समारंभ झाला आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. पुढील काळात येथील कारखान्यांच्या भोंग्यावर ज्यांची घरे चालली, त्यांत वसई, गोवे, मंगळूर व केरळ येथून आलेली कॅथलिक कुटुंबेही होती. आज त्यांपैकी कित्येक कारखान्यांच्या जागी संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या आहेत. ज्या पिढीने सुट्टीत फार तर गाव किंवा वेलंकनी पाहिली, ती पिढी निवृत्तीनंतर मुलांच्या आग्रहाने युरोपच्या सहलीला जाऊ लागली आहे. रोम, लूर्ड व फातिमा झाले, की घरात पुढचे माहितीपत्रक येते ते स्कॅन्डिनेव्हिया आणि बाल्टिक राजधान्यांचे.

या सहलीचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम. तेथून रात्रीच्या जहाजाने हेलसिंकी. आखात ओलांडून टॅलिन. मग पुन्हा बसने रिगा आणि व्हिल्नियस. मार्गदर्शक राजवाडे दाखवतो, जलपरीचा पुतळा दाखवतो, समुद्रातून वर काढलेले 'वासा' हे जहाज दाखवतो. चर्चच्या दारात बस थांबते, ती बहुतेक छायाचित्रांपुरती. या मार्गावर ख्रिस्तसभेचा जो इतिहास घडला, तो बसमधून सहसा ऐकू येत नाही. तो थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी कोण?

युरोपात जाताना आपल्या मनात एक भावना नकळत असते : आपण नवे ख्रिस्ती, आणि ज्यांच्या देशात चाललो ते जुने. उत्तर युरोपापुरती ही भावना कालगणनेच्या कसोटीस उतरत नाही.

इ. स. च्या सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की 'कल्लियाना' येथे पर्शियातून नेमलेला एक बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. उत्तरेचा प्रेषित म्हणून गौरवला जाणारा संत आन्सगर स्वीडनमधील बिर्का येथे पोचला तो ८२९-३० च्या सुमारास; म्हणजे कल्याणच्या त्या बिशपानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याने बाप्तिस्मा घेतला तो ९६५ च्या आसपास. नॉर्वेचा राजा संत ओलाफ स्टिकलेस्टाडच्या लढाईत पडला तो १०३० साली. बिशप आल्बर्टने रिगा शहर वसवले १२०१ मध्ये. लिथुआनियाने तर सर्वांत शेवटी, १३८७ साली, बाप्तिस्मा स्वीकारला.

त्या वेळी ठाण्यात फ्रान्सिस्कन रक्तसाक्ष्यांचे रक्त सांडून सहासष्ट वर्षे लोटली होती. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमेत्रिओ हे चौघे चीनच्या वाटेवर असताना ठाण्यात आले व एका नेस्तोरियन कुटुंबाकडे उतरले. त्या काळी येथे अशी पंधरा घरे असल्याची नोंद प्रवासी साधू ओदोरिक याने केली आहे. यजमान पतिपत्नींच्या भांडणात साक्षीदार म्हणून हे पाहुणे काजीपुढे गेले, तेथे धर्मचर्चेला तोंड फुटले आणि एप्रिल १३२१ मध्ये चौघांनाही प्राणास मुकावे लागले. डॉमिनिकन फादर जॉर्डन यांनी त्यांना सोपाऱ्यात पुरले. पुढे ओदोरिकने त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनपर्यंत नेल्या. दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्याला शासन केले, असेही ओदोरिक सांगतो. थॉमसची धन्य म्हणून उपासना पोप तेरावे लिओ यांनी १८९४ साली मान्य केली.

याच शतकात तिकडे व्हिल्नियसमध्येही फ्रान्सिस्कन व्रतस्थांना ठार मारण्यात आले, अशी परंपरा आहे. त्यांची आठवण म्हणून शहरावरच्या टेकडीवर तीन पांढरे क्रूस उभे आहेत. १९१६ साली उभारलेले क्रूस सोव्हिएत राजवटीने १९५० मध्ये सुरुंग लावून उडवले. १९८९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. ठाण्याहून गेलेल्या माणसाने त्या टेकडीखाली उभे राहून आपल्या चौघांचे स्मरण करावे, हे अगदी स्वाभाविक आहे.

राजाज्ञेने आले, राजाज्ञेने गेले

कोपनहेगनहून निघालेली बस २००० साली खुला झालेला ओरेसुंड पूल ओलांडून स्वीडनमध्ये शिरते. तेथून जवळच लुंड हे गाव आहे. ११०३ पासून साऱ्या उत्तरेचे आर्चबिशप येथे असत. लुंडच्या कथीड्रलचा आश्रयदाता संत लॉरेन्स. आपल्या वागळे इस्टेटमध्ये ज्याचे नाव रोज घेतले जाते, तोच हा संत, हे कळल्यावर तो दगडी मनोरा एकदम ओळखीचा वाटू लागतो.

पण या ओळखीच्या मनोऱ्याखाली चारशे-पाचशे वर्षांचा दुरावा आहे. डेन्मार्कचा राजा तिसरा ख्रिश्चन याने १५३६ साली सर्व बिशपांना कैद केले, धर्मपीठाच्या जमिनी जप्त केल्या आणि लूथरपंथ हा राज्याचा धर्म ठरवला. नॉर्वे त्याच्याच सत्तेखाली होते. तेथील आर्चबिशप पुढल्याच वर्षी देश सोडून गेले. स्वीडनमध्ये गुस्ताव वासाने १५२७ साली हेच केले. १६१७ च्या कायद्याने तर कॅथलिक होणाऱ्या स्वीडिश माणसाला देशात जागाच उरली नाही. राणी ख्रिस्तिनाला कॅथलिक व्हायचे होते म्हणून १६५४ साली सिंहासन सोडावे लागले. तिची कबर रोमला संत पीटरच्या महामंदिरात आहे. आणि हे केवळ राजघराण्यापुरते नव्हते. १८५८ साली सहा साध्या स्त्रियांना कॅथलिक श्रद्धा स्वीकारल्याबद्दल स्वीडनमधून हद्दपार करण्यात आले. युरोपभर बोभाटा झाला, तेव्हा दोन वर्षांनी कायदा सैल झाला. पूर्ण धर्मस्वातंत्र्य मिळाले ते १९५१ च्या कायद्याने. नॉर्वेच्या राज्यघटनेतील येशूसंघीयांवरची बंदी तर १९५६ पर्यंत कायम होती.

येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पाच शतके रुजलेली श्रद्धा राजाच्या एका हुकुमाने कशी उखडली गेली? ल्यूथरच्या उपदेशाने पुष्कळांची मने खरोखर वळली होती, हे खरे. पण आणखी एक कारण आहे : राजाच्या आज्ञेने आलेल्या गोष्टीला राजाची आज्ञा परतही नेऊ शकते. रिगामध्ये बिशप आल्बर्टच्या काळात धर्मप्रसारासाठी तलवारधारी बंधूंचा संघच स्थापन झाला होता. टॅलिन डेन्मार्कच्या राजाने १२१९ मध्ये जिंकून घेतले. क्रूस आणि तलवार एकाच गलबतातून उतरली, याची खंत आजच्या ख्रिस्तसभेने लपवण्याचे कारण नाही.

या जखमा भरूही लागल्या आहेत. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच लुंडच्या कथीड्रलमध्ये पोप फ्रान्सिस व लूथरन नेते एकत्र प्रार्थनेस बसले. त्याच वर्षी एलिझाबेथ हेसेलब्लाड या स्वीडिश धर्मभगिनीला संतपद मिळाले. चौदाव्या शतकातील संत ब्रिजिताच्या संघाला तिनेच नवजीवन दिले, आणि त्या संघात आज भारतीय भगिनींची संख्या मोठी आहे. ज्या देशाने मठांना बंदी केली होती, त्या देशाच्या संताचा दिवा आपल्या देशातील मुली सांभाळीत आहेत.

ज्या रस्त्यावर माणसांची साखळी झाली

टॅलिन, रिगा, व्हिल्नियस या तीन राजधान्यांना जोडणारा रस्ता बसमधून साधाच दिसतो. पाइनची झाडे, सपाट शेते. याच मार्गावर २३ ऑगस्ट १९८९ रोजी सुमारे वीस लाख माणसे हातात हात घालून उभी राहिली. जवळजवळ पावणेसातशे किलोमीटरांची ती साखळी सोव्हिएत सत्तेला शांतपणे 'पुरे' म्हणाली.

त्याआधीची पन्नास वर्षे कठीण होती. एस्टोनियाचे आर्चबिशप एदुआर्द प्रोफित्लिख हे जर्मन येशूसंघीय. त्यांना मायदेशी परत जाता आले असते. ते आपल्या मूठभर लोकांबरोबर राहिले, १९४१ साली पकडले गेले आणि १९४२ मध्ये रशियातील किरोवच्या तुरुंगात मरण पावले. सप्टेंबर २०२५ मध्ये टॅलिन येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले. व्हिल्नियसच्या कथीड्रलचे चित्रदालन झाले आणि संत कासिमिरच्या चर्चमध्ये नास्तिकतेचे संग्रहालय मांडले गेले.

रिगाहून व्हिल्नियसला जाताना शाउलेई गावाजवळ बस थांबली, तर उतरायला आळस करू नये. येथे एक लहानशी टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकात झारविरुद्धच्या बंडांत ज्यांची प्रेतेही हाती आली नाहीत, त्यांच्या नावाने घरच्यांनी येथे क्रूस रोवले. १९६१ साली सरकारने बुलडोझर आणून ते सगळे मोडले, लाकडी क्रूस जाळले. लोकांनी रात्री खांद्यावरून नवे क्रूस आणले. पुन्हा मोडले, पुन्हा आणले. आज तेथे लाखाहून अधिक क्रूस आहेत. ७ सप्टेंबर १९९३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेथे मिस्सा अर्पण केली.

आमच्यासारख्या नियतकालिकाच्या वाचकांना आणखी एक गोष्ट भावेल. १९ मार्च १९७२ पासून लिथुआनियात 'कॅथलिक ख्रिस्तसभेचा वृत्तांत' नावाचे एक गुप्त पत्रक निघू लागले. टंकयंत्रावर कार्बन लावून प्रती काढायच्या आणि हातोहात पोचवायच्या. कोणत्या शिक्षकाला मिस्सेला गेल्याबद्दल काढले, कोणत्या मुलाचा शाळेत अपमान झाला, हे त्यात नावानिशी असे. निजोले सदूनायते या धर्मभगिनीला १९७४ साली याचाच एक अंक टंकलिखित करताना पकडले. तिला तीन वर्षे छावणी व तीन वर्षे हद्दपारी भोगावी लागली. तरीही १९८९ पर्यंत एक्याऐंशी अंक निघाले.

लिथुआनियाचा बाप्तिस्माही राजाच्या लग्नापायीच झाला होता. पण मधल्या सहा शतकांत ती श्रद्धा दरबारातून निघून स्वयंपाकघरात, अंगणात, आजीच्या जपमाळेत जाऊन बसली. म्हणून बुलडोझरला ती सापडली नाही. दैवी करुणेचे जे चित्र आज आपल्या घराघरांत आहे, त्याचे मूळ चित्र १९३४ साली याच व्हिल्नियसमध्ये संत फाउस्तिनाच्या सांगण्यावरून रंगवले गेले.

आपली साष्टी

हे सारे आपल्याला नवे आहे काय? साष्टीतील आपला धर्मही पुष्कळ अंशी पोर्तुगीज सत्तेच्या छायेत वाढला, आणि त्या सत्तेने देवळे पाडली, दडपण आणले, हा इतिहास आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई घेतली. सत्ता गेली, तिच्याबरोबर बहुतेक गोरे धर्मगुरू गेले. उत्तर युरोपचा न्याय लावला, तर साष्टीची श्रद्धाही तेव्हाच संपायला हवी होती. ती संपली नाही. एतद्देशीय धर्मगुरूंनी आणि त्यांच्याहूनही अधिक कोळीवाड्यांतील, शेतकरी पाड्यांतील कुटुंबांनी ती धरून ठेवली. सायंकाळची प्रार्थना, गावच्या क्रूसापुढची मेणबत्ती, मराठी बोलीतील लग्नगीते या साध्या गोष्टींनी ते काम केले.

तेव्हा वाचकहो, पत्रकात सात राजधान्या असल्या, तरी त्या सातांतून एकच प्रश्न आपल्यापुढे येतो : आपल्या पाठीशी सत्ता नसेल, प्रतिष्ठा नसेल, मोठी इमारत नसेल, तर आपल्या घरात श्रद्धेचे काय उरेल? त्याचे उत्तर मार्गदर्शक देऊ शकणार नाही. ते वागळे इस्टेटच्या दोन खोल्यांत, दूरदर्शन संच बंद करून होणाऱ्या जपमाळेत आहे. सहलीला जरूर जावे. पण निघण्यापूर्वी एका संध्याकाळी मासुंदा तलावाकाठच्या संत योहान बाप्तिस्ताच्या चर्चमध्ये मुलानातवंडांना न्यावे आणि १३२१ साली या गावात काय घडले, ते त्यांना सांगावे.